सुटा एलएफ, आणि आमच्या कपाळी आठी

परत तेच! डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, तपासताना एरर: 'बॉडी हॅश जुळत नाही.' म्हणजे मजकुराचा ठसा सहीतल्या ठशाशी जुळेना. उद्यमनगरातल्या फौंड्रीचं बिल, अक्षर न् अक्षर तेच, रक्कम तीच, तरी पार्टीच्या स्पॅममध्ये. का? तर बिलिंग सॉफ्टवेअरनं ओळीच्या शेवटी नुसता एलएफ सोडला, सीआरचा पत्ताच नाही. (दोन्ही ओळ संपल्याच्या न दिसणाऱ्या खुणा: सीआर म्हणजे ओळीच्या सुरुवातीला परत, एलएफ म्हणजे पुढची ओळ.) वाटेतल्या सर्व्हरनं गुपचूप तो भरून दिला. सही आधीच्या मजकुरावर, तपासणी नंतरच्या. जुळणार काय, कपाळ?

अरे, मेलची ओळ सीआर-एलएफ या जोडीनं संपते, हे १९८२ पासून लिहून ठेवलंय! २०११ चं आरएफसी ६३७६ (इंटरनेटच्या नियमांचा कागद) तर डीकेआयएमवाल्यांना बजावतंय, सुटे सीआर, एलएफ आधी जोडीत बदला, मग सही करा. वाचतंय कोण?

वर शहाणे सांगणार, 'रिलॅक्स्ड लावा की,' म्हणजे सहीची सैल पद्धत. लावलंय! ते ओळीच्या टोकाचे स्पेस पुसतं, मधल्या चार स्पेसचा एक करतं, शेवटच्या रिकाम्या ओळी सोडून देतं. सुट्या एलएफला मात्र बोटसुद्धा लावत नाही. आणि हे ध्यान डोळ्याला दिसतंय होय? हेक्स डंप काढा, म्हणजे मेलचा एकेक बाइट आकड्यांत, ०ए (एलएफ) च्या आधी ०डी (सीआर) नाही ती ओळ हुडकत बसा, डबा तसाच गार.

तेवढ्यात मालकांचा फोन. "मेल गेला न्हवं?"

गेला की मालक. कुठं गेला तेवढं इचारू नका.