‘क्राउचिंग टायगर’च्या आधी तलवार कुणाच्या हातात होती?

सध्या एक पोस्ट फिरते आहे. तिचा मथितार्थ असा: चिनी वूशिया कथांत, म्हणजे तलवारबाज, पंथ, गुरू-शिष्य आणि सूड यांच्या कथांत, बाई शोभेपुरती असते. 2000 साली ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ आला आणि पहिल्यांदा बाईच्या हातात तलवार आली. मूळ कादंबऱ्यांतल्या नायिका नायकाला जेवू घालणाऱ्या नाहीतर त्याची वाट बघत बसणाऱ्या. सिनेमाने त्यांना कणा दिला. तरी पडद्यावर नट्या काही करत नाहीतच, वायर त्यांना उडवते. आणि पुरुषी कपडे घातले की बाई कुणाला ओळखूच येत नाही, हा तर शुद्ध पोरखेळ.

यातलं एखादं अर्धं वाक्य खरं आहे. ते ओघात येईल. बाकीचे मुद्दे एकेक करून घेऊ.

‘2000 साली पहिल्यांदा’

पडद्यापुरतं बोलायचं तरी हा हिशोब सत्तर वर्षांनी चुकला आहे. शांघायच्या मिंगशिंग कंपनीने 1928 ते 1931 या काळात रेड लोटस मंदिराच्या जाळपोळीवरच्या चित्रपटाचे 18 भाग काढले. त्यातली उडती तलवारबाज होंग गू साकारली होती हू द्येने, म्हणजे त्या काळातल्या आघाडीच्या चिनी नटीने. हे भाग इतके चालले की जो तो तसलेच चित्रपट काढू लागला, आणि शेवटी सरकारी सेन्सॉरला ही लाट बंदी घालून थोपवावी लागली. त्या मालिकेच्या फिती आज उरलेल्या नाहीत. 1929चा ‘रेड हिरोइन’ मात्र उरला आहे. फान श्वेपंग ही नटी त्यात खेड्यातली साधी मुलगी आहे. दरोडेखोर गावावर चालून येतात, आजी दगावते, मुलीला उचलून नेतात. एक म्हातारा गुरू तिला सोडवतो, तीन वर्षांनी ती विद्या शिकून परतते आणि हिशोब चुकता करते. नात्यातल्या तरुणाशी तिचं लग्न लागणार असं बघणाऱ्याला वाटत असतं. ती त्याचं लग्न दुसऱ्याच मुलीशी जुळवून देते आणि उडून जाते.

पुढे 1966 साली हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सचा ‘कम ड्रिंक विथ मी’ आला. दिग्दर्शक किंग हू, नायिका वीस वर्षांची चेंग पेई-पेई, भूमिकेचं नाव गोल्डन स्वॅलो, हातात दोन आखूड तलवारी. ‘क्राउचिंग टायगर’मधली जेड फॉक्स ही खाष्ट खलनायिका साकारणारी बाई तीच. पोस्ट लिहिणाऱ्याने श्रेयनामावली वाचली असती तरी काम भागलं असतं. किंग हूच्याच ‘अ टच ऑफ झेन’ला 1975 साली कान महोत्सवात तांत्रिक पारितोषिक मिळालं. ‘क्राउचिंग टायगर’मुळे प्रसिद्ध झालेली बांबूच्या बनातली लढाई पडद्यावर आधी तिथे झाली, नायिका शू फंग.

पुस्तकांकडे वळलं तर शतकं मोजावी लागतात. नवव्या शतकातल्या तांगकालीन ‘होंगश्येन’ कथेची नायिका एका लष्करी सुभेदाराच्या घरची दासी आहे; वाद्य वाजवते, पोथ्या वाचते, मालकाचा पत्रव्यवहार बघते. शेजारचा सुभेदार चढाई करणार अशी कुणकुण लागते. ती रात्रीतून सातशे ली, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, जाऊन येते आणि शेकडो पहारेकरी असताना त्या माणसाच्या उशाशी ठेवलेली सोन्याची डबी घेऊन येते. डबी पत्रासह परत पाठवली जाते. मजकूर काय असेल ते समोरच्याला न वाचताही कळलं असणार. युद्ध टळतं. कथेत प्रेमप्रकरण औषधालाही नाही.

‘सिनेमाने नायिकांना कणा दिला’

इथे पोस्टमधला बाण नेमका उलट्या दिशेला आहे. पानावरून पडद्यावर येताना बाईच्या हातून काहीतरी निसटलं, असंच जास्त वेळा घडलेलं दिसतं.

त्याच तांग काळातली न्ये यिन्न्यांग घ्या. सेनापतीची मुलगी. दहाव्या वर्षी एक भिक्षुणी तिला मागायला येते, बाप नकार देतो, रात्री मुलगी गायब. पाच वर्षांचं शिक्षण कथेत टप्प्याटप्प्याने दिलं आहे: आधी कड्यांवर चढणं, मग माकडं, मग वाघ-बिबटे, मग उडते पक्षी, चौथ्या वर्षी भरदिवसा गजबजलेल्या शहरात माणूस. पाचव्या वर्षी ती एका अधिकाऱ्याला मारायला उशीर करते, कारण तो मुलाशी खेळत असतो. गुरू फटकारते: पुढच्या वेळी आधी त्याच्या जिवलगाला संपव, मग त्याला. घरी परतल्यावर एक दिवस दारात आरसे घासून देणारा एक पोरगा येतो. ती म्हणते, हा माझा नवरा. बापाची नाही म्हणायची छाती होत नाही. पुढे ज्याला मारायला तिला पाठवलं जातं, त्याच्याच बाजूला ती जाते, आपल्या बुद्धीने.

होऊ श्याओ-श्येनने 2015 साली यावर ‘द असॅसिन’ काढला, शू ची नायिका, कानमध्ये उत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक. चित्रपट देखणा आहे, मुलाला पाहून थबकलेला हातही त्यात आहे. पण पटकथेने एक भर घातली: जिला मारायचं आहे ती व्यक्ती तिचा नातेवाईक, आणि पूर्वी तिचं त्याच्याशी लग्न ठरलेलं, नंतर मोडलेलं. अकराशे वर्षांपूर्वीच्या लेखकाला तिच्या निर्णयामागे मोडलेल्या लग्नाचं कारण लागलं नव्हतं. एकविसाव्या शतकाला लागलं.

‘क्राउचिंग टायगर’ची गतही तीच. मूळ कादंबरी वांग दूलूची, चाळीसच्या दशकाच्या आरंभी वृत्तपत्रात क्रमशः आलेली. तिथली यू ज्याओलोंग, म्हणजे चित्रपटात झांग झियीने साकारलेली तरुण मुलगी, कड्यावरून उडी मारते खरी, पण ते आजारी बापासाठी बोललेल्या नवसाचं निमित्त असतं. घराण्याची अब्रू सांभाळून घरातून सुटायचा तो बेत असतो. ती वाचते, आपला प्रियकर ल्वो श्याओहूला भेटते आणि त्यालाही मागे ठेवून निघून जाते. पुढच्या कादंबरीत तिला मूल होतं. चित्रपटात ली मूबाई या तलवारबाज नायकाच्या मृत्यूनंतर ती उडी घेते आणि ढगांत विरते. दृश्य म्हणून सुंदर, यात वाद नाही. पण पुस्तकातली उडी हिशोबी होती आणि चित्रपटातली पश्चात्तापाची झाली.

सर्वांत उघड उदाहरण गोल्डन स्वॅलोचं. 1966मध्येही उत्तरार्ध बराचसा दारुड्या गुरूच्या पदरात पडतो, हे कबूल करायला हवं. मूळ चिनी नावही त्याचंच आहे. पण 1968 साली चांग चेहने काढलेल्या पुढच्या चित्रपटाचं नाव ‘गोल्डन स्वॅलो’ असून तो वांग यू या नटाने साकारलेल्या सिल्व्हर रॉक या तलवारबाजाचा आहे. तो तिच्या नावाने मुडदे पाडत सुटतो आणि ती दोन पुरुषांच्या मधे उभी राहते. नटी तीच, भूमिका तीच. दिग्दर्शकाला पौरुषाचं वेड होतं आणि ते त्याने कधी लपवलंही नाही.

‘जेवू घालणाऱ्या आणि वाट बघणाऱ्या’

हा टोला जिन योंग या वूशिया कादंबरीकाराच्या नायिकांना आहे. जेवू घालणारी म्हणजे हुआंग रोंग, 1957पासून हाँगकाँगच्या दैनिकात क्रमशः आलेल्या कादंबरीतली. ती स्वयंपाक करते, खरंच. पण काय करते ते बघा. एक अख्खा मुरवलेला हॅम चिरायचा, त्यात 24 गोल खळगे कोरायचे, मऊ टोफूच्या 24 गोळ्या तासून त्यात बसवायच्या, हॅम बांधून वाफवायचा. हॅमचा सगळा स्वाद टोफूत उतरला की हॅम फेकून द्यायचा. हात लागताच विरणाऱ्या टोफूची गोळी तासणं कुणालाही जमत नाही. बोटांच्या हलक्या स्पर्शाने मर्मबिंदू बंद करायची जी विद्या बापाने शिकवली, तीच इथे वापरली आहे असं लेखक स्पष्ट सांगतो. आणि हे जेवण होंग चीगोंग या खादाड महागुरूसमोर मांडलेला सौदा आहे: एकेक पदार्थ घाल, कादंबरीचा नायक ग्वो जिंग याच्यासाठी एकेक डाव काढून घे. याच गुरूने पुढे भिकारी संघाचं प्रमुखपद ग्वो जिंगला नाही, हिला दिलं. देशभर पसरलेल्या त्या संघटनेची ही विशीही न गाठलेली मुलगी प्रमुख होते, आणि दुसऱ्याने पळवलेला अधिकारदंड भर सभेत लढून परत मिळवते. मालिकांमध्ये टोफू असतो. संघाचा कारभार मात्र उरकला जातो, कारण सभेपेक्षा लाडिक रुसवे चित्रित करणं स्वस्त पडतं.

वाट बघणारी म्हणजे जिन योंगच्याच दुसऱ्या कादंबरीतली श्याओलोंगन्यू. पांढरी वस्त्रं, थंड चेहरा, एवढंच तिचं चित्र लोकांच्या मनात बसलं आहे. मालिकांतली 1983ची चेन यूल्येन असो, 1995ची ली रुओतोंग किंवा 2006ची ल्यू यीफेई, चर्चा नेहमी कोण जास्त ‘परीसारखी’ याचीच. कादंबरीत ती नायक यांग ग्वो, म्हणजे तिचा प्रियकर, याची गुरू आहे, ज्या पंथाची ती वारस आहे तो एका बाईने स्थापलेला आहे, आणि तिचा सर्वांत मोठा पराक्रम वेगळाच आहे. झोऊ बोतोंग या विक्षिप्त म्हाताऱ्या गुरूची दोन्ही हातांनी दोन वेगळे डाव खेळायची विद्या आहे. तिची परीक्षा सोपी: डाव्या हाताने चौकोन आणि उजव्या हाताने वर्तुळ, एकाच वेळी काढा. हुशार हुआंग रोंगला ते जमत नाही, कारण तिचं डोकं सतत दहा दिशांना धावतं. श्याओलोंगन्यूला पहिल्याच फटक्यात जमतं. मग दोन माणसांनी जोडीने खेळायची तलवारबाजी ती दोन तलवारी घेऊन एकटी खेळते. म्हणजे यांग ग्वोबरोबरच जी पूर्ण होणार होती, ती विद्या तिने त्याच्याशिवाय पूर्ण केली. तिचा तो कोरा चेहरा ज्या स्थिर मनाचा आहे, तेच मन इथे शस्त्र ठरतं. नुसता सुंदर चेहरा दाखवला की हे कुठेच पोचत नाही.

आता ते अर्धं सत्य. श्याओलोंगन्यूवर, मर्मबिंदू बंद झाल्याने हालचाल करता येत नसताना, झालेला बलात्कार कथेत मुख्यतः दोघांची ताटातूट घडवायला वापरला आहे. तिच्या मनावर काय झालं याला पानं कमी मिळतात. आणि जिन योंगच्या शेवटच्या कादंबरीत नायकाला सात बायका आहेत. तिथे पोस्टशी भांडायचं कारण नाही.

‘वायरच सगळं करते’

वायर माणसाला उचलते, लढवत नाही. कपड्यांच्या आत कमरेला आणि मांड्यांना आवळलेला पट्टा असतो, नितंबांच्या दोन्ही बाजूंना कड्या, त्यांतून वायर क्रेनवरच्या कप्पीवर जाते आणि दुसरं टोक खाली माणसं ओढतात. आधार फक्त कमरेला असल्यामुळे धड आणि पाय आडवे ताठ धरायचं काम पोट आणि पाठीचं. पोट सैल पडलं की शरीर मधेच दुमडतं किंवा गोल फिरू लागतं. जमिनीवरून पायाने रेटा न देता उचलून घेतलं तर झेप दिसत नाही, ओढलेलं पोतं दिसतं. उतरताना वायर उशिरा सैल झाली तर टाचा घासतात, लवकर झाली तर सगळं वजन गुडघ्यावर येतं. म्हणूनच नृत्य शिकलेल्या नट्या इथे टिकल्या: चेंग पेई-पेई आणि मिशेल यो बॅलेच्या, झांग झियी बीजिंगच्या नृत्यशाळेची. मिशेल योच्या गुडघ्याचा अस्थिबंध ‘क्राउचिंग टायगर’च्या चित्रीकरणातच फाटला, शस्त्रक्रिया करून ती परतली.

त्याच चित्रपटातली तालमीतली लढाई बघा. यू श्यूल्येन (मिशेल यो) एकामागून एक शस्त्र उचलते, समोर यू ज्याओलोंगच्या हातातली ग्रीन डेस्टिनी ही तलवार ते तोडते. एक अवजड शस्त्र तर तिच्याच्याने पेलवत नाही, ते तिलाच खाली खेचतं. शेवटी तुटक्या तलवारीचं टोक ती मुलीच्या गळ्याशी आणते. इथे वायर नाममात्र आहे. फाइट मास्टर युएन वू-पिंगने चेहरा आणि पाय एकाच चौकटीत ठेवले आहेत, आणि खरं-खोटं ओळखायची खूण हीच. चेहरा जवळून, पाय दुसऱ्या शॉटमध्ये, मधे पदराची गिरकी, असं दिसलं की डुप्लिकेट आहे असं समजावं. हल्लीच्या मालिकांबद्दल पोस्टचा राग याच कारणाने पुष्कळसा रास्त आहे.

‘पुरुषवेशाचा पोरखेळ’

हा संकेत रंगभूमीवरून आला. पेकिंग ऑपेरात लढवय्या बाईची स्वतंत्र भूमिका असते; चारी बाजूंनी फेकलेले भाले ती पायाने परतवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या भूमिका बहुधा पुरुषच करत. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला यात नवल वाटू नये. उलटही चाले: 1963च्या ‘द लव्ह इटर्न’मध्ये नायक लिंग पो या नटीने साकारला आणि तैपेईत लोक वेडे झाले. प्रेक्षकाला वेश माहीत असतो. पात्राला माहीत नसतं, त्यातच गंमत.

शिवाय वेशाला काम असतं. हुआंग रोंग पहिल्यांदा भेटते ती भिकारी पोराच्या वेशात. ग्वो जिंग त्या पोराला जेवायला बोलावतो, ते पोर मुद्दाम महागडे पदार्थ मागवत सुटतं, बिल होतं चांदीत 19 ल्यांग 7 छ्येन 4 फन, ही जुनी चिनी वजनं. तो हसतमुखाने भरतो, वर अंगावरचा फरचा कोट आणि आपला लाल घोडाही देतो. सुंदर मुलगी म्हणून आली असती तर या औदार्याला काय किंमत उरली असती?

ओळख पटत नाही यालाही लेखकाने सोय ठेवली आहे: फाटकी काळी टोपी, तोंडाला आणि हातांना कोळशाची काजळी, आणि त्या सगळ्या कळकटपणाशी विसंगत असे पांढरेशुभ्र दात. एवढा एकच धागा. पडद्यावर मात्र गालावर दोन नाजूक काळे ठिपके, पापण्यांना मस्कारा आणि ओठांना गुलाबी रंग. तक्रार करायचीच तर मेकअपवाल्याची करा.