पंचवटीतल्या 'त्या' कारकुनाबद्दल खुलासा

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. पंचवटीत राहणाऱ्या एका बँक कारकुनाला इंग्रजांनी सक्तीने पलटणीत ओढलं, तो ब्रह्मदेशात मेला आणि त्याचं नाव कुठेच नाही, असा. ते आमचे चुलत आजोबा. म्हणून लिहितोय.

सक्ती नव्हती. दुसऱ्या महायुद्धात हिंदी, म्हणजे भारतीय, माणसांवर सक्तीची लष्करभरती लादलीच गेली नव्हती. 1939 साली सुमारे दोन लाखांचं असलेलं सैन्य 1945 पर्यंत पंचवीस लाखांच्या आसपास गेलं, ते स्वेच्छेने भरती झालेल्यांवर. पोटासाठी नाइलाजाने गेलेलेही त्यात पुष्कळ होते, हे खरं. पण आजोबांनी हातातली पक्की नोकरी सोडली होती. त्यांचा निर्णय त्यांच्याकडून हिरावून घेऊ नका, एवढीच कळकळीची विनंती.

त्यांची पोस्टकार्डं घरात आहेत. अक्षर खातेवहीत शोभेल असं, आणि पत्त्याच्या जागी गावाऐवजी फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा, नुसता क्रमांक. सेन्सॉरमुळे ठिकाण लिहायची मुभाच नव्हती. 'इंग्रजांनी त्यांना बेपत्ता ठेवलं' ही कथा बहुधा इथूनच निघाली असावी.

नावाचं म्हणाल, तर यांगूनजवळ टाउक्यान इथल्या स्मारकाच्या खांबांवर कबर नसलेल्या सुमारे 27,000 सैनिकांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यात हिंदी सैनिक मोठ्या संख्येने आहेत. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission) नोंदी नावानिशी शोधता येतात. ज्यांच्या घरातलं कुणी असं गेलं असेल, त्यांनी तिथे जरूर शोधावं. नावाची इंग्रजी स्पेलिंगं दोन-तीन प्रकारे घालून पाहावीत.