ॲपवर दिसलेला आकडा आणि सरपंचाचा खिसा

ग्रामपंचायत निवडणुकीचं वारं सुटलं की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्याचं सार असं: केंद्र सरकार दरवर्षी प्रत्येक गावाला कोट्यवधी रुपये देतं, ई-ग्रामस्वराज ॲप उघडा, गावाचं नाव टाका, किती आले आणि सरपंचाने किती खाल्ले ते दिसेल. पुढे पाठवा, गाव जागं करा.

ॲप खरं आहे. 24 एप्रिल 2020 ला, पंचायतराज दिनी ते सुरू झालं आणि गावाचा हिशेब घरबसल्या बघता येतो, ही चांगलीच सोय झाली. घोळ आहे तो बाकीच्या वाक्यांत.

"प्रत्येक गावाला दरवर्षी कोट्यवधी"

हिशेब मांडून बघू. केंद्राचा पैसा राज्यांना आणि स्थानिक संस्थांना कसा वाटायचा हे वित्त आयोग सुचवतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी देशभरच्या ग्रामीण स्थानिक संस्थांना मिळून 2,36,805 कोटींची शिफारस केली. त्यात महाराष्ट्राचा वाटा साधारण 22,700 कोटी, म्हणजे वर्षाला साडेचार हजार कोटी. यातले दहा टक्के जिल्हा परिषदेचे, दहा टक्के पंचायत समितीचे, उरलेले 80 टक्के ग्रामपंचायतींचे. 2011 च्या जनगणनेत राज्याची ग्रामीण लोकसंख्या सव्वासहा कोटींच्या आत होती. भागाकार केला तर माणशी वर्षाला सहाशे रुपयेसुद्धा भरत नाहीत. दीड हजार वस्तीच्या गावाला नऊ लाखांच्या आसपास, तेही पूर्ण हप्ते वेळेवर आले तर. कोटीचा आकडा दिसतो तो शहराला चिकटलेल्या मोठ्या ग्रामपंचायतींत, आणि मेसेजसोबतचा स्क्रीनशॉट बहुधा तिथलाच असतो.

शिवाय पैसा गावाच्या नव्हे, ग्रामपंचायतीच्या नावावर येतो. गट ग्रामपंचायत असेल तर त्याच रकमेत दोन-तीन गावं आणि त्यांच्या वाड्या. लहान वाडीच्या तोंडाला पानं पुसली जातात ती इथे, पण त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

"ॲपवर दाखवलेली रक्कम आली आणि गायब झाली"

सगळ्यात जास्त भांडणं या मुद्द्यावरून होतात, आणि बहुतेक वेळा लोक चुकीच्या पानावर बोट ठेवून भांडतात.

ॲपवर दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एक, ग्रामपंचायत विकास आराखडा, म्हणजे आपल्याकडे 'आमचं गाव आमचा विकास' या नावाने जो होतो तो. त्यात वर्षभरात करायची कामं आणि त्यांचा अंदाजित खर्च असतो. दुसरी, आर्थिक प्रगती: प्रत्यक्ष जमा आणि प्रत्यक्ष खर्च. आराखड्यात गटाराला तीन लाख लिहिले म्हणून तीन लाख खात्यात आले असं होत नाही. त्यातली काही कामं पुढच्या वर्षी ढकलली जातात, काही कायमची कागदावर राहतात. आराखड्याची बेरीज करून "एवढे खाल्ले" म्हणणारा ग्रामसभेत पहिल्या पाच मिनिटांत तोंडावर पडतो, आणि खरोखर गडबड करणाऱ्याला आयतंच फावतं.

प्रश्न विचारायचा तर आर्थिक प्रगतीच्या पानावरून विचारा. आणि आराखड्याबद्दल विचारायचंच असेल तर तो कुठे बसून केला हे विचारा. ग्रामसभेत वाचला, की संगणक परिचालकाने मागच्या वर्षीचाच थोडा फिरवून भरला?

"सरपंच वाटेल तेव्हा पैसे काढतो"

या निधीतून आता चेकवर पैसे निघत नाहीत. पेमेंट ऑनलाइन होतं आणि त्याला दोन डिजिटल सह्या लागतात, ग्रामसेवकाची आणि सरपंचाची. (ग्रामसेवकाला 2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, गावात अजून कोणी म्हणत नाही.) कामाला अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, झाल्यावर अभियंत्याची मोजमाप पुस्तिका, म्हणजे प्रत्यक्ष किती काम झालं याची नोंद. म्हणजे पैसा खाल्ला गेला असेल तर एकट्याने नाही.

व्यवस्था निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. दोघांच्या सह्यांचे पेनड्राइव्ह एकाच ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये पडून असतात अशी गावं आहेत, आणि तिथे दोन सह्यांचा धाक काय उरणार? पण एकट्या सरपंचाला चोर ठरवलं की ग्रामसेवक, अभियंता आणि ठेकेदार तिघेही सुटतात. सरपंच निदान पाच वर्षांनी दारात येतो.

"गावातला रस्ता उखडला, ग्रामपंचायतीने पैसे खाल्ले"

आधी फलक वाचा. तो रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा असू शकतो, आमदार निधीतला, नाहीतर ग्रामविकास विभागाच्या 2515 या लेखाशीर्षातल्या निधीतला. जलजीवनची टाकी बहुधा जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाने बांधलेली असते. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी पाच वर्षांचा असतो, दुरुस्ती ठेकेदाराच्या गळ्यात. सरपंचाला शिव्या देण्यात ही मुदत निघून जाते.

"केंद्र पैसे देतं, मग घरपट्टी कशाला?"

कारण त्या पैशाला बंधनं आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात 60 टक्के 'बंधित', म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. उरलेल्या 40 टक्क्यांतूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. नळाचा कॉक फिरवणाऱ्या माणसाचा पगार काढताना शेवटी घरपट्टी-पाणीपट्टीलाच हात घालावा लागतो. पथदिव्यांच्या बिलावरून सरकार, महावितरण आणि ग्रामपंचायती यांची ओढाताण तर वर्षानुवर्षं चालू आहे. थकबाकीदारांच्या यादीत मेसेज पाठवणाऱ्याचं नाव आहे का, हेही एकदा बघून घ्यावं.

"पुढे पाठवा, गाव जागं होईल"

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल ती. तेवढे जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पंधरा-वीस माणसांत वर्षभराचे ठराव मंजूर होतात. हा मेसेज जेवढ्यांनी पुढे ढकलला त्यातले निम्मे आले असते तर तहकुबीची वेळ आली नसती.

सभेला जाणं न जमल्यास माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. 'सगळा हिशेब द्या' असं मोघम लिहू नका. एकच काम निवडा आणि त्याचं अंदाजपत्रक, देयक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. मोजमाप पुस्तिका बहुधा ग्रामपंचायतीत सापडत नाही, बांधकाम उपविभागात अभियंत्याकडे असते. तेव्हा त्यासाठीचा अर्ज तिकडेच करावा.