ड्रॅगनचं खरं नाव आणि आमचं बेळगाव

नोव्हेंबर जवळ आला की आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला ताप चढतो. १ तारखेला एकीकडं कर्नाटकचा राज्योत्सव, दुसरीकडं आम्हा मराठी माणसांचा काळा दिवस. १९५६ साली त्याच तारखेला आम्ही बेळगावकर म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलो, ते दुखणं अजून जुनं झालेलं नाही. यंदा भांडण पेटलं ते एका अक्षरावरून. कुणीतरी घाईत 'बेळगाव'च्या जागी कन्नड वळणाचं 'बेळगावी' लिहिलं. दोघं ग्रुप सोडून गेले. एकाला त्याच्या आईनं परत आणलं.

हे सगळं मी कार्डिफमध्ये वाचत होतो. वेल्सच्या झेंड्यावर लाल ड्रॅगन असतो, त्यामुळे इथल्या पोरांना ड्रॅगन म्हणजे घरचाच प्राणी. (आपल्याकडं गुप्तधनावर नाग बसतो. आणि बेळगावचं पाणी ज्या राकसकोपहून येतं, त्या गावाच्या नावातच राकस आहे.) लेकीला रात्री 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' वाचून दाखवत होतो. अर्सुला ले ग्विनचं १९६८ चं पुस्तक. त्यातला ड्रॅगनचा प्रसंग वाचता वाचता मला ग्रुपवरचं भांडण आठवलं.

गेड हा तरुण जादूगार. पेंडॉर बेटावरचे ड्रॅगन आपल्या बेटांवर येतील या भीतीनं लोकांनी त्याला ठेवून घेतलेला. त्याच्या मागावर एक काळी सावली आहे, त्याला पळायचंय. खरं लोकांना वाऱ्यावर सोडून जाववत नाही. म्हणून एकटाच होडीत बसून तो ड्रॅगनच्या दारात जातो. लहान ड्रॅगन अंगावर येतात, त्यांतले काही तो मारतो. मग म्हातारा ड्रॅगन हलतो, आणि मनोऱ्याचा भाग वाटला होता तो त्याचा खांदा निघतो. इथं तलवार कामाची नाही. गेडनं जुन्या बखरी वाचून एक अंदाज बांधलेला असतो. तो हाक मारतो, "येव्होड!" नाव बरोबर निघतं आणि ड्रॅगन जागच्या जागी थिजतो. त्या जगात खरं नाव कळलं की ताबा आला.

आमचाही तोच हिशोब. 'बेळगाव' म्हटलं की गाव आपलं, 'बेळगावी' म्हटलं की त्यांचं. २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारनं नाव बदललं तेव्हा माझी आजी म्हणाली होती, "बरं, आता नळाला पाणी रोज येणार काय?"

खरं गेड पुढं काय करतो ते बघा. ड्रॅगन त्याला लालूच दाखवतो: तुझ्या मागच्या सावलीचं नाव सांगतो, तू सुटशील. गेड ते नाकारतो. तो मागतो एवढंच, की तू आणि तुझी पोरं या बेटांकडं कधी फिरकणार नाही, अशी तुझ्या नावानं शपथ घे. नाव हाती आलं ते मिरवायला नाही, बेटावरच्या कोळ्यांसाठी वापरायला. आणि हे सगळं बोलणं होतं ड्रॅगनच्याच भाषेत, जिच्यात माणसाला खोटं बोलता येत नाही आणि ड्रॅगनला येतं!

मी कन्नडिगांना ड्रॅगन म्हणतोय असं कुणी समजू नये. त्यांच्या गोष्टीत ड्रॅगन आपणच असतो.

वेल्सबद्दल सांगतो, कारण रोज बघतो. २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे १७.८ टक्के निघाले. तरी रस्त्यावरची पाटी दोन्ही भाषांत, डॉक्टरकडचा कागद दोन्ही भाषांत. स्नोडन डोंगराला तिथल्या उद्यानाचं प्राधिकरण २०२२ पासून 'अर विद्वा' म्हणतं. शेजारचे इंग्रज म्हातारे अजून स्नोडनच म्हणतात, त्यावरून कुणाची गाडी फुटत नाही. तुलना लंगडी आहे, मान्य. इथं वेल्शला स्वतःचं सरकार आहे, आमच्या मराठीला बेळगावात ते नाही.

खरं आमच्याकडंही मागण्यासारखं आहेच. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे देशानं केव्हाच मान्य केलंय. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, हे तर घटनेच्या ३५०-अ कलमातच आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांवरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो लागेल तेव्हा लागेल. तोवर माझ्या मते एकच शपथ मागावी: उताऱ्यापासून नोटिशीपर्यंत कागद मराठीतही द्या. आणि ती खणखणीत कन्नडात मागावी. गावाच्या नावावरची भांडणं तोवर झाकून ठेवली तरी चालतील.

हे ग्रुपवर लिहिलं. खानापूरच्या चुलतभावाचा लगेच फोन आला. "तुझं बरं हाय की मर्दा, तिकडं ड्रॅगनच्या देशात बसून सांगायला." मग जरा थांबून म्हणाला, "काल एका ऑफिसात गेलतो. मराठीतला अर्ज परत केला त्यांनी."

"मग?"

"मग काय, पोरीकडनं कन्नडात लिहून घेतला नि दिला. मराठीतला टाचलाय त्याच्याच मागं. बघू, काढतात का ठेवतात."