‘एवढ्याशा खरचटण्याचा बाऊ’: एका प्रतिक्रियेला उत्तर

म्हातारपणी किंवा स्टेरॉइडच्या गोळ्यांनी पातळ झालेल्या कातडीवर छोटी जखम झाली तर घरी काय करावं, यावर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांनी सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. नाव दिलेलं नाही, म्हणून नुसतं ‘आपण’ म्हणते. मुख्य भाग असा: “एवढ्याशा खरचटण्याचा केवढा हा बाऊ! स्पिरिटने पुसायचं, लोंबती कातडी कात्रीने उडवायची, वर चिकटपट्टी मारायची, संपलं. माझ्या आईला महिन्यातून एकदा तरी असं होतं, ती हूं का चूं करत नाही.” पुढे आणखी चार मुद्दे आहेत: धनुर्वाताबद्दल मी काहीच लिहिलं नाही, सिलिकॉनचं ड्रेसिंग सगळ्यांना परवडत नाही, दिवसातून दोनदा क्रीम लावणं हे चोचले आहेत, आणि मी डॉक्टर नाही.

धनुर्वाताचं मान्य. ते राहून गेलं. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं हे आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारावं, ही ओळ लेखात आजच घातली आहे.

आता ‘बाऊ’. हा शब्द मला लागला, आणि तो लागला हे लपवायचं मला कारण दिसत नाही. लहान मुलांना ज्याची भीती घालतात तो बाऊ, म्हणजे मुळात नसलेली गोष्ट. माझ्या बाबांनी संधिवातासाठी अकरा वर्षं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतलं. शेवटची सहा वर्षं त्यांच्या जखमा मी धुतल्या. हातांच्या मागच्या बाजूला कायम जांभळे डाग असायचे, कुठे आपटलं हे त्यांनाही सांगता यायचं नाही. पलंगाची कड, चाकाच्या खुर्चीचा पायठेवा, घाईत धरलेला दंड, एवढं पुरायचं. एकदा रक्त तपासायला दिल्यावर लावलेली चिकटपट्टी तिथल्या माणसाने एका झटक्यात ओढली. पट्टीबरोबर टपालाच्या तिकिटाएवढी कातडी निघून आली. बाबा ओरडले नाहीत. ते त्या पट्टीकडे बघत राहिले, कारण तिला चिकटलेलं ते आपलंच काहीतरी आहे हे त्यांना क्षणभर कळलं नाही. ती जागा भरायला पाच आठवडे लागले. यातलं नसलेलं काय होतं, ते आपण मला सांगा.

आणि ‘खरचटणं’ हा शब्दही चूक आहे. खरचटतं तेव्हा कातडी वरून घासली जाते. इथे ती थरातून सुटते. तरुण कातडीत वरचा थर आणि खालचा थर खाचाखोचांनी एकमेकांत घट्ट बसलेले असतात. वयाबरोबर हा सांधा सपाट होत जातो. स्टेरॉइडने खालच्या थरातलं कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, तेही कमी होतं. मग आडवी ओढ बसली की वरचा थर सरकतो, फाटतो आणि पापुद्र्यासारखा दुमडून एका बाजूला गोळा होतो. बघणाऱ्याला ती ‘लोंबती कातडी’ वाटते. मलाही पहिल्या वेळी तसंच वाटलं होतं.

तो पापुद्रा मेलेला नसतो. त्या जखमेला मिळू शकेल असं सगळ्यात चांगलं पांघरूण तोच असतो. अशा जखमांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्यांचे तीन प्रकार केले आहेत: पापुद्रा शाबूत आणि जागेवर बसवता येण्यासारखा, थोडा गेलेला, पूर्ण गेलेला. सगळं वर्गीकरण पापुद्रा किती उरला यावर उभं आहे. म्हणजे आपली कात्री पहिल्या प्रकारच्या जखमेला अर्ध्या मिनिटात तिसऱ्या प्रकारची करते. काळा पडलेला पापुद्रा काही वेळा काढावा लागतो हे खरं, पण तो निर्णय डॉक्टरांचा, स्वयंपाकघरातल्या कात्रीचा नाही.

मी लिहिलं होतं ते पुन्हा लिहिते, कारण आपण ते वाचलेलं दिसत नाही. स्वच्छ कापडाने हलका दाब द्या, हात किंवा पाय उंच ठेवा. रक्त थांबलं की सलाइनने किंवा पिण्याच्या स्वच्छ पाण्याने धुवा. पापुद्रा वाळून दुमडला असेल तर ओलं गॉझ पाच-दहा मिनिटं ठेवून तो मऊ होऊ द्या. मग ओल्या इयरबडने हळूहळू उलगडत जागेवर आणा. ताणू नका, कडा पूर्ण जुळल्या नाहीत तरी चालतं. वर जखमेला न चिकटणारं ड्रेसिंग (सिलिकॉनचं ते हेच), आणि पापुद्रा ज्या दिशेला बसवला त्या दिशेचा बाण पेनने ड्रेसिंगवर काढा. काढणाराने बाणाच्या दिशेनेच काढायचं, नाहीतर बसलेला पापुद्रा पुन्हा उचलला जातो. आणि कुतूहल म्हणून रोज उघडून बघायचं नाही.

स्पिरिट मीही लावलं होतं, पहिल्या वर्षी, कारण घरात तेच होतं. बाबांनी पलंगाची कड धरली होती ती मी विसरलेली नाही. स्पिरिट जंतूंबरोबर नव्याने वाढणाऱ्या पेशींनाही जाळतं. जखम सुकवली की लवकर भरते ही समजूतही जुनी आहे. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने चढते. साठ वर्षं उलटून गेली. ‘आमच्या काळी’ हे उत्तर यापुढे मला देऊ नका.

चोचल्यांबद्दल: पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वृद्धाश्रमांत झालेला, २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. दिवसातून दोनदा हातापायांना मॉइश्चरायझर लावलेल्या वृद्धांमध्ये अशा जखमांचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. ज्याला आपण चोचले म्हणता ते हे.

परवडण्याबद्दल लेखात एक ओळ होतीच: पेट्रोलियम जेलीचा जाड थर दिलेलं गॉझ, वरून सैल गुंडाळपट्टी. मात्र ते वाळलं की चिकटतं, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. यावर वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही.

मी डॉक्टर नाही, तसा दावाही कधी केला नाही. पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, जखम खोल असेल, भोवतीची लाली पसरत असेल, पू किंवा ताप असेल, मधुमेह असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर घरी बसू नका हे लेखात पहिल्याच परिच्छेदात आहे. घाबरवणं म्हणजे काय याची आपली व्याख्या वेगळी असेल तर माझा नाइलाज आहे.

आपल्या आई हूं का चूं करत नाहीत, असं आपण लिहिलंत. बाबाही करत नसत. शेवटच्या वर्षी त्यांनी मला सांगितलं की पट्टी बदलायच्या आदल्या रात्री त्यांना झोप लागत नाही. पाच वर्षं मला हे माहीत नव्हतं.

आपल्या आईंच्या हातावर आत्ता चिकटपट्टी असेल तर ती ओढू नका. सलाइनने किंवा कोमट पाण्याने भिजवून पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. मग एका बोटाने पट्टीच्या कडेची कातडी हलकेच दाबून धरा आणि पट्टी वर न उचलता, कातडीलगत मागे दुमडत सोडवा. जिथे अडेल तिथे थांबून पुन्हा भिजवा. अर्धा तास लागला तरी लागू द्या. खाली पापुद्रा दिसला तर कात्री घेण्याआधी मला लिहा, रात्री उशिरा लिहिलंत तरी मी उत्तर देईन.