एक वार, दोन वार, आणि दूध उतू

अमेरिकेतला नाणेविक्रेता ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर लिलाव रविवारी संध्याकाळी सातला संपेल असा लावतो. त्याच्या बाजूने हे शहाणपणाचंच आहे, कारण गिऱ्हाईक तेव्हा घरी निवांत बसलेलं असतं. पण कॅलिफोर्नियात रविवारचे सात वाजतात तेव्हा आमच्याकडे सोमवारचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. ही वेळ दुधाची, नळाच्या पाण्याची आणि डब्याची असते, नाणेसंग्राहकाची नसते. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेसातचे साडेआठ होतात, म्हणजे थेट लोकलच्या मुळावर.

इंग्लंडातला विक्रेता त्याहून प्रेमळ. त्याचे रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आमचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. त्यात अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि इंग्लंड शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत केलेली तोंडी बेरीज हमखास चुकते. म्हणून वेळेचं गणित करूच नये. पानावरची उलटी मोजणी बघावी आणि मोबाइलवर दोन गजर लावावेत, एक पंधरा मिनिटं आधीचा आणि एक तीन मिनिटं आधीचा. पहिल्या गजराला उठायचं असतं. दुसरा पहिल्यानंतर पुन्हा डोळा लागतो म्हणून.

ही सगळी उरस्फोड शेवटच्या सहा सेकंदांसाठी, कारण बोली लावायची ती तेव्हाच. घरच्यांचा प्रश्न साधा असतो: "द्यायची ती किंमत आत्ताच टाकून झोपा ना!" आणि पंचाईत अशी की ईबेचा नियम वाचला तर हे म्हणणं बिनतोड आहे.

नियम असा. तुम्ही तुमची कमाल मर्यादा गुपचूप सांगून ठेवायची, यंत्र तुमच्या वतीने लागेल तेवढीच बोली चढवतं. समजा पानावर 31 डॉलर दिसताहेत आणि कुणीतरी आधीच 60 ची मर्यादा टाकून ठेवली आहे. तुम्ही 75 टाकलेत तर किंमत 61 होते आणि नाणं तुमचं, कारण 25 ते 99.99 डॉलरच्या टप्प्यात बोली एकेक डॉलरने चढते. (शंभरच्या वर अडीचने.) तुम्ही 58 टाकलेत तर किंमत 59 वर जाते आणि नाणं त्याचंच राहतं. तुमची कमाई एवढीच, की एका अनोळखी माणसाचा खर्च 28 डॉलरने वाढवलात. जिंकणारा दुसऱ्याच्या मर्यादेला एक पायरी जोडून पैसे देतो, स्वतःच्या मर्यादेएवढे नाही. मग सोमवारी पहाटे 75 टाकले काय आणि पुढच्या सोमवारी टाकले काय, फरक पडायला नको.

फरक पडतो, कारण समोर यंत्र नाही, माणसं आहेत. त्यातल्या एका जातीला मी 'टोचे' म्हणतो. टोच्या आपली मर्यादा ठरवतच नाही. तो 32 टाकतो, आपण मागे पडलो असं दिसलं की 34, मग 36, मग चिडून 41. तुमचे 75 आत दडलेले आहेत हे त्याला ठाऊक नसतं, पण भिंत लागेपर्यंत तो डोकं आपटत राहतो, आणि प्रत्येक आपटणीचं बिल तुमच्या नावावर फाटतं. टोच्याला सात दिवस दिले तर तो सातही दिवस टोचणार. त्याला सहा सेकंद दिले तर हातातला चहाचा कप खाली ठेवेपर्यंत लिलाव संपतो.

दुसरं कारण जास्त चविष्ट आहे. व्हिक्टोरिया राणीचा 1862 चा रुपया घ्या. त्यावर साल 1862 असलं तरी तो 1862 चाच असेल असं नाही. टांकसाळींनी तेच साल कायम ठेवून पुढे 1874 पर्यंत रुपये पाडले, आणि मुंबईच्या टांकसाळीने खरं साल ओळखू यावं म्हणून बारीक ठिपके घातले. सालाजवळ ठिपके किती आणि कुठे, यावर किंमत ठरते. आता लंडनजवळच्या कुठल्याशा गावात कुणाला आजोबांच्या पेटीत असा रुपया सापडतो आणि तो 'भारत, जुनं चांदीचं नाणं' एवढंच लिहून टाकतो. फोटो मोठा करून ठिपके मोजणारे जगभरात वीसएक लोक तरी असतात, आणि ते वीसही जण मौनव्रतात असतात. त्यातल्या एका जाणत्याने मंगळवारीच 80 ची बोली लावली की बाकीच्यांचे कान टवकारतात: 'हा उगाच नाही बोलणार.' जाणकाराची बोली हीच बातमी असते, आणि बातमी शक्यतो लिलाव संपल्यावर फुटलेली बरी.

हे नुसतं माझं तर्कट नाही. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये यावर निबंध लिहिला. तेव्हा ॲमेझॉनही लिलाव घेत असे, पण तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ वाढायची. ईबेचा काटा ठरल्या क्षणी थांबायचा. शेवटच्या क्षणी उड्या ईबेवरच जास्त पडत होत्या, आणि संगणकांपेक्षा जुन्या वस्तूंच्या लिलावात जास्त. रॉथना 2012 मध्ये नोबेल मिळालं. ते दुसऱ्या कामासाठी होतं, पण घरी पुरावा म्हणून दाखवताना तेवढं सांगायची गरज नसते.

शिवाय ही खोड इंटरनेटची नाही. सतराव्या शतकात लंडनमध्ये इंचभर मेणबत्ती पेटवून लिलाव करत. ज्योत विझायच्या आधीची शेवटची बोली जिंकायची. सॅम्युअल पीप्स या नौदलातल्या अधिकाऱ्याने सप्टेंबर 1662 च्या रोजनिशीत एका धूर्त बोलीदाराची नोंद केली आहे. त्याला कळलं होतं की वात विझताना धूर खाली वळतो, आणि तेवढ्यावर तो आपली वेळ साधायचा. आमच्याकडे धूर नाही, करपलेल्या दुधाचा वास आहे.

आता कृती. लिलावाच्या आदल्या दिवशी बघायचं ते हे: विक्रेता भारतात पाठवतो का. कित्येकांनी आपला देश यादीतून वगळलेला असतो, आणि हे तुम्हाला शेवटच्या सेकंदाला, बोली नाकारली गेल्यावर कळतं. पोस्टेज किती, तेही तेव्हाच. दहा डॉलरच्या नाण्याला अठरा डॉलर पोस्टेज असलं तर तुम्ही पाकीट विकत घेताय, आत नाणं फुकट. फोटो अंधुक असेल तर नवा मागावा, पण 'सालाजवळचे ठिपके दिसतील असा फोटो द्या' असं चुकूनही लिहू नये. प्रश्न आणि उत्तर सगळ्यांना दिसेल असं लावायची सोय विक्रेत्याकडे असते. 'दोन्ही बाजूंचे मोठे फोटो मिळतील का' एवढं भोळेपण पुरतं. वजन मात्र बिनधास्त विचारावं. हा रुपया 11.66 ग्रॅमचा. झिजून थोडा कमी भरला तर चालेल, दहा सांगितलं तर आपण झोपावं. चिंच-मीठ लावून लखलखीत केलेला असेल तरीही झोपावं.

मग आकडा. तो आदल्या दिवशी, पोट भरलेलं असताना, कागदावर लिहावा. पोस्टेज आणि कस्टम आधी वजा करून. आकडा गोल नको. कारण असं की दोघांची मर्यादा सारखी निघाली तर आधी आलेल्याला नाणं मिळतं, आणि शेवटच्या सेकंदाला येणारा माणूस व्याख्येनेच नंतरचा असतो. जग 60 टाकतं, आपण 61.37 टाकावं. वरचा एक डॉलर पायरीसाठी, 37 सेंट आपल्यासारख्याच दुसऱ्या शहाण्यासाठी. तो शहाणा 61.43 टाकतो तो दिवस वाईट जातो.

दहा मिनिटं आधी लॉगिन पुन्हा तपासावं. पासवर्ड मागायला ईबेला नेहमी शेवटचं मिनिटच सापडतं. दोन खिडक्या उघडाव्यात. एकीत नुसती किंमत बघायची, दुसरीत आकडा टाकून खात्रीच्या बटणापर्यंत येऊन थांबायचं. दशांश चिन्ह पडलंय का ते दोनदा बघावं. ते सुटलं तर 61.37 चे 6137 होतात. बोली मागे घ्यायला नियम तासभर देतो, पण लिलावच सहा सेकंदांनी संपलेला असतो. तुम्हाला दुसऱ्याच्या मर्यादेच्या वर एकच पायरी द्यायची आहे हा दिलासा खरा, पण त्याच सकाळी दुसऱ्याचंही चिन्ह सुटलं असेल तर तो दिलासा उपयोगाचा नाही. मोबाइलवरून बोली लावत असाल तर तो विमान मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवावं. पर्सनल लोन देणारी ताई नवव्या सेकंदाला फोन करते.

सहाच सेकंद का? दहावर दाबलं तर चपळ टोच्याला एक उत्तर द्यायला वेळ मिळतो. दोनवर दाबलं तर तुमचं इंटरनेट मध्येच गिरकी घेत बसतं आणि पान सांगतं, लिलाव संपला. पानावरचा काटाही कधी सेकंदभर मागे असतो. सहा हा भित्रा आणि उतावळा यांच्यातला तह आहे.

"अहो, दूध बघा!" हे वाक्य साधारण सातव्या सेकंदाला येतं.

यावर उपाय म्हणून तुमच्या वतीने बोली टाकणाऱ्या सेवा आहेत. लॉटचा (म्हणजे लिलावातल्या वस्तूचा) नंबर, आकडा आणि सेकंद भरून ठेवायचे, बोली त्यांच्या सर्व्हरवरून जाते, तुम्ही डबा भरायचा. सारखीच पाच नाणी पाच विक्रेत्यांकडे असली तर गट करता येतो, एक मिळालं की बाकीच्या बोली रद्द. सोय उत्तम. किंमत एवढीच की आपला पासवर्ड परक्याच्या हाती द्यायचा, म्हणजे निदान तो दुसरीकडे कुठे वापरलेला नसावा. आणि देशच वगळलेला असेल तर ही सेवासुद्धा काही करू शकत नाही, फक्त तुम्हाला ते उठल्यावर कळतं.

आधी बोली लावावी असा एकच प्रसंग मला मान्य आहे. लिलावासोबत 'आत्ताच घ्या'चं बटण असेल आणि ती किंमत तुमच्या आवाक्याबाहेरची पण दुसऱ्या कुणाच्या आवाक्यातली असेल, तर किमान बोली टाकून द्यावी. बहुतेक वेळा पहिल्या बोलीबरोबर ते बटण नाहीसं होतं. मग सात दिवस शांत बसावं.

शेवटच्या बोलीचा सर्वांत मोठा दाखला रोमचा आहे. इसवी सन 193 मध्ये सम्राटाला मारून त्याच्या अंगरक्षकांनी अख्खं साम्राज्य लिलावात काढलं. बोली लावणारे दोघं: सल्पिशियानस छावणीच्या आत, डिडियस ज्युलियानस बाहेर. आतल्याने शिपायामागे 20,000 सेस्टर्स (रोमन नाणी) सांगितले, तेव्हा बाहेरच्याने एकदम 5,000 ची उडी मारून 25,000 केले, तेही ओरडून आणि बोटांनी दाखवून. लॉट त्याला मिळाला. 66 दिवसांनी त्याला मारलं. एवढ्या थोड्या दिवसांत पाडलेली त्याची नाणी आज दुर्मिळ आहेत, आणि तीही लिलावातच येतात. पायरीचा नियम तेव्हा असता तर काय वाचलं असतं याचा हिशेब मी करत नाही.

आपल्याकडच्या लिलाव कंपन्यांच्या ऑनलाइन लिलावांत मात्र ही सगळी विद्या बहुधा कुचकामी ठरते. तिथे शेवटच्या मिनिटांत बोली आली की काटा पुन्हा मागे जातो. सहाव्या सेकंदाला दाबलंत, वेळ वाढली; समोरच्याने दाबलं, पुन्हा वाढली. हा कबड्डीचा डाव नाही, भजनाचा सप्ताह आहे. वर प्रीमियम (कंपनीचं कमिशन) आणि कर वेगळे. समजा ते मिळून 25 टक्के होत असतील तर खिशातल्या 5,000 रुपयांची बोली 4,000 ला थांबते. हा भागाकार आधी करून ठेवावा, कारण रात्री साडेअकराला तो कुणालाच जमत नाही. दोन हट्टी माणसं एका दुदांडी शिवराईवरून (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) शंभर-शंभरने चढत राहिली तर तुमच्या लॉटपर्यंत गाडी कधी येईल याचा नेम नसतो. त्यामुळे अशा लिलावाच्या दिवशी जेवण आठलाच उरकावं, आणि सकाळच्या दुधाचं आधीच कुणाला तरी सांगून ठेवावं.