संपाचा हक्क जपून कसा ठेवावा

उद्या आपल्या हाती एखादा देश आला, आणि त्या देशात रेल्वे चालवणारे, पत्रे वाटणारे, शाळेत शिकवणारे आणि कचेऱ्यांत शिक्के मारणारे लाखो सरकारी नोकर असले, तर त्यांच्या हक्कांचे करायचे काय, हा प्रश्न आपल्याला पडणारच. हक्क द्यावेत तर लोक ते वापरतात, आणि न द्यावेत तर जग नावे ठेवते. या पेचातून सुटण्यासाठी आपण डोके शिणवण्याचे कारण नाही. जपानने हा सारा अभ्यासक्रम 1945 नंतर मोठ्या चिकाटीने पुरा करून ठेवला आहे. आजीची पैठणी जशी ट्रंकेच्या तळाशी डांबरगोळ्या घालून ठेवतात, पाहुण्यांना उघडून दाखवतात आणि नेसू मात्र कुणाला देत नाहीत, तसा हक्क ठेवावा. त्यासाठी राज्यघटनेइतकी मजबूत ट्रंक दुसरी नाही.

आरंभी मात्र हात सैल सोडावा. युद्ध हरलेल्या जपानात डिसेंबर 1945 मध्ये कामगार संघटनांचा कायदा झाला, आणि पोलीस, अग्निशामक व तुरुंग कर्मचारी एवढे वगळता सरकारी नोकरांनाही संघटना करण्याची मोकळीक मिळाली. देशाचा ताबा घेतलेल्या अमेरिकी सेनापतींना, म्हणजे जनरल मॅकआर्थर यांना, त्या वेळी जपानमध्ये लोकशाही रुजवायची होती आणि कामगार संघटना हे त्या लोकशाहीचे खतपाणी मानले जात होते. अडचण एवढीच, की खतपाणी घातल्यावर पीक येते. महागाई रोज चढत होती, सरकारी पगार तिच्या मागे धापा टाकत होता, आणि रेल्वे, टपाल, शिक्षक अशा साऱ्या संघटना एकत्र येऊन बोलू लागल्या होत्या. अशा वेळी काय करावे, हे पंतप्रधान योशिदा शिगेरू यांच्याकडून शिकावे. 1947 च्या नववर्षदिनी रेडिओवरून देशाला शुभेच्छा देताना त्यांनी या कामगार पुढाऱ्यांची संभावना ‘उपद्रवी टोळकी’ अशा अर्थाच्या शब्दांनी केली. वेतनवाढीऐवजी विशेषण द्यावे. त्याचा बोजा अंदाजपत्रकावर पडत नाही.

विशेषणाने पोट भरत नसल्यामुळे सुमारे 26 लाख सरकारी कर्मचाऱ्यांच्या संयुक्त समितीने 1 फेब्रुवारी 1947 रोजी देशव्यापी संप पुकारला. येथे आपल्याला दुसरा धडा मिळतो: बंदी घालायचीच असेल तर ती आदल्या दिवशी घालावी, आणि जाहीर मात्र संपवाल्यांच्याच तोंडून करवावी. मॅकआर्थर यांनी 31 जानेवारीला संपास मनाई केली आणि संयुक्त समितीचे अध्यक्ष, रेल्वे संघटनेचे इइ याशिरो, यांना त्याच रात्री रेडिओ केंद्रावर बसवण्यात आले. संप मागे घेत असल्याचे त्यांनी रडत रडत सांगितले, आणि ‘एक पाऊल मागे, दोन पावले पुढे’ असे म्हणून बोलणे आवरले. मागचे पाऊल लगेच पडले. पुढच्या दोन पावलांची वाट जपानचे सरकारी नोकर अजून पाहत आहेत.

मधल्या काळात एक शुभकार्यही उरकले. 3 मे 1947 रोजी नवी राज्यघटना अमलात आली. तिचा मसुदा मॅकआर्थर यांच्याच कचेरीत तयार झाला होता, आणि तिच्या 28 व्या कलमाने कामगारांना संघटना करण्याचा, सामुदायिक वाटाघाटी करण्याचा आणि सामुदायिक कृती करण्याचा हक्क दिला. कलमात ‘सरकारी नोकर वगळून’ असे शब्द नाहीत, हे नीट ध्यानात घ्यावे. अपवाद घटनेत लिहिणे हे नवशिक्यांचे काम होय. घटना स्वच्छ ठेवावी आणि अपवाद पत्राने कळवावा. 22 जुलै 1948 रोजी मॅकआर्थर यांनी पंतप्रधान आशिदा हितोशी यांना तसे पत्र पाठवले आणि 31 जुलैला मंत्रिमंडळाचा आदेश क्रमांक 201 निघाला. त्या आदेशाने सरकारी नोकरांचा संपाचा हक्क गेला आणि सामुदायिक वाटाघाटींचाही गेला. जगातल्या आधुनिक घटनांपैकी एका घटनेतला हक्क पंधरा महिन्यांच्या आत टपालखर्चात परत घेता येतो, हे पाहून कोणत्याही अर्थमंत्र्याचे डोळे आनंदाने भरून येतील.

या पत्रामागे मॅकआर्थर यांच्याच कचेरीतले एक भांडण होते. सनदी सेवेचे सल्लागार ब्लेन हूवर यांचे म्हणणे, राज्याच्या नोकराने राज्याविरुद्ध संप करणे ही कल्पनाच अनुचित. कामगार विभागाचे प्रमुख जेम्स किलेन, जे स्वतः अमेरिकी कामगार चळवळीतून आलेले होते, त्यांचे म्हणणे, आगगाडीचा चालक आणि मंत्रालयातला सचिव यांना एका मापाने मोजू नये. मॅकआर्थर यांनी हूवर यांची बाजू उचलून धरली आणि किलेन राजीनामा देऊन घरी गेले. आपल्या कचेरीत असा एखादा किलेन असल्यास त्याला बोलू द्यावे. पुढे इतिहासकारांना त्याचा उपयोग होतो.

हक्क काढून घेतल्यावर बदल्यात काहीतरी द्यावे लागते, नाहीतर न्यायालयात विचारणा होते. जपानने नोकरांना दोन वस्तू दिल्या. मंत्रालयांतल्या नोकरांसाठी ‘जिन्जिइन’ नावाचे कर्मचारी प्राधिकरण आले. त्याने दरवर्षी खाजगी क्षेत्रातले पगार पाहावेत आणि सरकारी पगार किती वाढवावा याची शिफारस करावी, अशी व्यवस्था झाली. रेल्वेसारखे उद्योग सार्वजनिक महामंडळे करून त्यांच्या कामगारांना वाटाघाटींचा हक्क परत मिळाला, संपाचा मिळाला नाही, आणि तंटा मिटला नाही तर लवाद नेमण्याची तरतूद झाली. दोन्ही वस्तू दिसायला भरीव होत्या. मात्र लवादाच्या निवाड्याला अंदाजपत्रकाबाहेर पैसा लागत असेल तर संसदेच्या मान्यतेवाचून तो सरकारवर बंधनकारक नाही, असे कायद्यातच लिहून ठेवले होते, आणि रेल्वेच्या पहिल्याच निवाड्याची पुरती अंमलबजावणी झाली नाही. जिन्जिइनची शिफारस शिफारसच राहिली. तिने सांगितलेल्या तारखेपासून वाढ द्यायची सवय सरकारला लागायला 1970 साल उजाडावे लागले, 1982 साली पैसा नाही म्हणून ती शिफारस सरळ गोठवली गेली, आणि 2012 मध्ये भूकंपाच्या पुनर्बांधणीसाठी केंद्रीय नोकरांचे पगार दोन वर्षे सरासरी 7.8 टक्क्यांनी उतरवले गेले तेव्हा तिला कुणी विचारलेही नाही. भरपाई अशी असावी, की अडचणीच्या दिवशी तीही परत घेता यावी.

शिक्षेच्या बाबतीतही जपानी कायद्याची कारागिरी पाहण्यासारखी आहे. साध्या संपकऱ्यावर फौजदारी खटला नाही. त्याच्यावर खात्याची कारवाई होते, ती बडतर्फीपर्यंत जाते. तुरुंग आहे तो संपाचा कट करणाऱ्याला, त्याला चिथावणी देणाऱ्याला आणि चिथावणीचा बेत करणाऱ्याला. म्हणजे हजार माणसांनी कुणीही काही न सुचवता, एकाच सकाळी, आपापल्या अंतःप्रेरणेने काम थांबवले तर फौजदारी गुन्हा नाही. संघटनेच्या पुढाऱ्यांना मौनव्रताचा असा सल्ला इतर कोणत्या कायद्याने दिल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण आपण राज्यकर्ते न होता नोकरच झालात, अशीही शक्यता आहे. संपाला बंदी असेल तर आपण कायदा पाळावा. अगदी अक्षरशः पाळावा. जपानी रेल्वे कामगारांनी या प्रकाराला ‘जुन्पो तोसो’, म्हणजे कायदापालनाचा लढा, असे नाव दिले. सुरक्षेची पुस्तिका उघडावी, तिच्यात जेथे गाडी सावकाश न्या म्हटले असेल तेथे सावकाश न्यावी, जेथे थांबा म्हटले असेल तेथे थांबावे, आणि रोजचे वेळापत्रक हे नियम मोडूनच पाळले जात होते, हे प्रवाशांच्या आपोआप लक्षात आणून द्यावे. वार्षिक रजा हा कायदेशीर हक्क असल्याने सर्वांनी एकाच दिवशी ती घ्यावी, हाही मार्ग शिक्षकांनी आणि वन कर्मचाऱ्यांनी वापरून पाहिला. पण रजेचे नाव पुढे करून केलेला संप ही रजाच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये ठरवले.

या पद्धतीत एक बारीकशी उणीव आहे. गाडी हळू गेल्याने मंत्री कधी लटकत नाही, प्रवासी लटकतो. 13 मार्च 1973 रोजी सायतामा प्रांतातल्या आगेओ स्थानकावर सकाळच्या गाड्यांत शिरायला जागा न उरल्यावर प्रवाशांनी गाडीच्या काचा फोडल्या आणि स्थानकप्रमुखांच्या कचेरीवर चाल केली. 24 एप्रिलला तोक्योच्या अनेक स्थानकांत तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. आणि दुसऱ्याच दिवशी, 25 एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने कृषी मंत्रालयाच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सरकारी नोकरांच्या संपावरची सरसकट बंदी घटनेला धरून असल्याचा निर्णय दिला. 1966 मध्ये टपाल कर्मचाऱ्यांच्या आणि 1969 मध्ये तोक्योच्या शिक्षकांच्या खटल्यात याच न्यायालयाने ही बंदी बरीच आखडून वाचली होती. दरम्यान काही न्यायमूर्ती निवृत्त होऊन नवे आले होते. घटना तीच होती. निकाल आवडला नाही तर घटनादुरुस्तीचा खटाटोप करू नये, सेवानिवृत्तीच्या तारखांकडे लक्ष ठेवावे.

हक्क नसताना तो मिळवण्यासाठी काय करावे? संप करावा. हा विनोद नव्हे. 26 नोव्हेंबर 1975 रोजी सार्वजनिक महामंडळांच्या संघटनांनी संपाच्या हक्कासाठी संप केला, आणि आठ दिवस देशाची राष्ट्रीय रेल्वे उभी राहिली. पंतप्रधान मिकी ताकेओ काहीसे मवाळ समजले जात, त्यामुळे आशा होती. त्यांनी नकार दिला. संघटनांचा हिशेब असा, की रेल्वे थांबली की राजधानीची भाजी थांबेल आणि भाजी थांबली की सरकार वाकेल. तो हिशेब पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा होता. भाजी ट्रकने आली. नोकरदार खाजगी कंपन्यांच्या रेल्वेने किंवा चालत कचेरीत पोहोचले, आणि आपल्यावाचून देशाचे काय अडते हे दाखवायला निघालेल्या कामगारांनी फारसे काही अडत नाही असे स्वतःच सिद्ध केले. संपाआधी निदान मंडईत एक चक्कर मारून यावी, एवढाच माझा सल्ला. वर रेल्वेने कोकुरो आणि दोरो या दोन संघटनांवर सुमारे 2,020 कोटी येनांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. पुढे दोरोने खाजगीकरणाला साथ दिल्यावर तिच्यापुरता तो मागे घेण्यात आला. ज्याने नुकसान केले तो सुधारला की नुकसानही भरून निघते.

टपाल कर्मचाऱ्यांच्या झेनतेई संघटनेने 1978 च्या अखेरीस, व्यवस्थापन आपली संघटना फोडत असल्याच्या रागात, नववर्षाची शुभेच्छापत्रे अडवली. जपानी घरात 1 जानेवारीच्या सकाळी त्या पत्रांचा गठ्ठा आला नाही तर काय वाटते, हे दिवाळीत फराळाचा डबा न आलेल्या घराने समजून घ्यावे. वसंतात अनेक टपाल कर्मचारी बडतर्फ झाले. त्यांपैकी न्यायालयात शेवटपर्यंत टिकलेल्या काहींची बडतर्फी चुकीची असल्याचे 2007 मध्ये कायम झाले. तोवर टपाल खातेच खाजगीकरणाच्या उंबरठ्यावर होते.

यावरून आपल्याला शेवटची आणि सर्वांत गुणकारी युक्ती मिळते. संघटना मोडता येत नसेल तर नोकरी मोडावी. पंतप्रधान नाकासोने यासुहिरो यांनी 1 एप्रिल 1987 रोजी राष्ट्रीय रेल्वे मोडून तिच्या कंपन्या केल्या. कोकुरो कोसळली की सर्वांत मोठा कामगार महासंघ सोह्यो कोसळेल हे डोळ्यांसमोर ठेवूनच आपण हे केले, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. निवृत्त राजकारण्याचा प्रामाणिकपणा हा एक स्वतंत्र अभ्यासविषय आहे. 1986 च्या उन्हाळ्यापासून जागोजागी ‘मनुष्यबळ उपयोग केंद्रे’ उघडली गेली, आणि त्यांत मुख्यतः कोकुरोच्या माणसांना बसवण्यात आले. अनुभवी चालकांच्या मनुष्यबळाचा उपयोग गवत उपटण्यासाठी आणि बांबू तोडण्यासाठी झाला. वर्षभरात कोकुरोची सदस्यसंख्या साधारण चौथ्या हिश्श्यावर आली आणि 1989 मध्ये सोह्यो विसर्जित झाला.

यातली कायदेशीर कलाकुसर तर जपून ठेवण्यासारखी आहे. नव्या कंपन्यांत कोणाला घ्यायचे ती यादी जुन्या रेल्वेने करायची, आणि नोकरी द्यायची नव्या कंपन्यांनी. 1990 मध्ये 1,047 माणसे अखेर रस्त्यावर आली. यादीतून नाव कुणी गाळले, असे त्यांनी विचारले तर जुनी रेल्वे असे उत्तर येई, आणि ती तर आता राहिलीच नव्हती. नव्या कंपन्यांना विचारले तर त्यांच्यापुढे आलेल्या यादीत ते नाव नव्हतेच. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नव्या कंपन्यांवर जबाबदारी येत नसल्याचे सांगितले. तडजोड झाली ती 2010 मध्ये, तोवर काही अर्जदार वारलेही होते.

या सगळ्यातून एक नोकर मात्र पहिल्यापासून सुटला आहे. जपानच्या अग्निशामक जवानाला 1945 सालीही संघटना करता येत नव्हती आणि आजही येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना वर्षानुवर्षे सरकारला याबद्दल विचारते, आणि जपानमध्ये अग्निशमन हे पोलिसांसारखेच काम आहे, असे सरकार तिला कळवते. तरी त्याची अगदीच उपेक्षा झालेली नाही. 1996 पासून प्रत्येक अग्निशमन दलात एक समिती असते. जवानाने आपले मत तिच्याकडे द्यावे, समिती त्यावर चर्चा करते, आपला अभिप्राय दलप्रमुखांना देते, आणि पुढे काय करायचे ते दलप्रमुख ठरवतात. आपण त्या जवानाच्या जागी असाल तर मत थोडक्यात लिहावे, आणि अक्षर सुवाच्य असावे.